पाच वाजताची साखर

गोव्यात हळर्णच्या वाटेवर एक काजूची बाग आहे. एरवी तिथे माणूस फिरकायचा तो फक्त काजू पडायच्या दिवसांत. पण श्रीफळ महाराजांनी तिथे मांडव घातला आणि पेडण्यापासून डिचोलीपर्यंतचे झाडून सगळे साखरवाले, म्हणजे मधुमेहाचे रुग्ण, तिकडे धावले. कुणी रिक्षाने आले, कुणी मुलाच्या स्कूटरवर मागे बसून, तर कुणी म्हापशाहून दोन बस बदलून. प्रत्येकाच्या पिशवीत इन्शुलिनचे पेन होते आणि प्रत्येकाला ते एकदाचे फेकून द्यायचे होते.

व्यासपीठावर महाराजांचा एक गुळगुळीत शिष्य माईक धरून उभा होता. लॉटरीचा निकाल सांगावा तसा तो आकडे सांगत होता.

"बाबली परब. प्रसादाआधी साखर एकशे बेचाळीस. खाल्लं काय? दोन वाट्या मणगणे आणि सहा पुऱ्या. एका तासाने साखर..." इथे त्याने दम घेतला. मांडवातली कुजबूजही थांबली. "एकशे अडतीस."

लोकांनी टाळ्यांचा असा कडकडाट केला की फांदीवरचे कावळे उठले. आणि उठण्यासारखे होतेच. मणगणे म्हणजे चण्याची डाळ, साबुदाणा, काजू, भरपूर गूळ आणि वर नारळाचा दाट रस. साखरवाल्याने ते लांबून वास घेऊन समाधान मानावे अशी वस्तू. ते दोन वाट्या पोटात जाऊन साखर वाढण्याऐवजी चार आकड्यांनी खाली आली, हे डोळ्यांदेखत घडत होते.

मग महाराज बोलायला लागले. गोरेपान, टापटीप, बोटात तीन अंगठ्या. "गूळ हा दैत्य आहे," ते म्हणाले. "पण श्रीफळ म्हणजे साक्षात लक्ष्मी. सात नारळांच्या रसात दैत्याला बुडवला की त्याची व्हायब्रेशन शांत होतात. मग तो रक्तात शिरतच नाही. विज्ञानाला हे ठाऊक आहे, पण त्यांना बोलायची परवानगी नाही." विज्ञानाला तोंड नव्हते, म्हणून महाराजांनी उदार होऊन आपले दिले होते.

त्यांचे नियम सोपे होते. आधी इन्शुलिनची नेहमीची सुई टोचून घ्यायची. ही 'निरोपाची सुई'. मग प्रसाद खायचा. तासाभराने साखर मोजायची. त्यानंतर मीटर लाल फडक्यात बांधून तीन दिवस देवाजवळ ठेवायचा, कारण वारंवार रक्त काढले की लक्ष्मी रागावते. आणि ज्याचा कौल लागला त्याने आपले इन्शुलिनचे पेन व्यासपीठासमोरच्या मोठ्या मडक्यात टाकून मोकळे व्हायचे. ते मडके महाराज नदीत सोडणार होते.

या सगळ्यात पहिल्या रांगेत अवघडून बसला होता सगुण मास्तर. हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालेला, जिभेने तिखट, आणि गावात कुणी अंगारा वाटायला लागला की सगळ्यांत आधी हजर होणारा. आज मात्र त्याची पंचाईत झाली होती. कारण ज्या मीटरवर हे चमत्कार दिसत होते तो मीटर त्याचा स्वतःचा होता.

महाराज त्याला पुरते ओळखून होते. सुरुवातीलाच त्यांनी हात जोडून सांगितले की मास्तरांनी आमच्या यंत्रावर विश्वास ठेवू नये, स्वतःचे आणावे, स्वतःच्या हाताने मोजावे. मास्तर हुरळला. घरून मीटर आणला, नव्या पट्ट्या आणल्या, बाबलीचे बोट स्वतः पुसून टोचले. एकदा खाण्याआधी, एकदा तासाभराने. आकडा खरा होता. सशाने आपणहून सापळ्यात मान घालावी तसा आमचा मास्तर महाराजांची जाहिरात होऊन बसला.

आणि मग विमलाबाईंची पाळी आली. विमला म्हणजे मास्तरांची बायको. बारा वर्षे जेवणाआधी सुई घेत होती. तिनेही नेहमीची सुई घेऊन मणगणे खाल्ले होते, आणि बाबलीपेक्षा जास्तच आवडीने. तास भरत आला तशी ती पांढरी पडली. कपाळावर घाम फुटला, हात लटलट कापायला लागले, बोलता बोलता जीभ अडखळली.

मास्तराने बारा वर्षांत हे दोनचारदा पाहिले होते. तो ओरडला, "साखर उतरली तिची! काय तरी गोड दिया!"

महाराज ताडकन उभे राहिले. "ऐकलंत? मास्तर स्वतः सांगतात, साखर उतरली! हा सुईचा भार आहे. बारा वर्षांचं विष अंगातून उठलंय." त्यांनी तिच्या तोंडात पेलाभर तीर्थ ओतले. तीर्थ म्हणजे गुळाचे पाणी. पाचदहा मिनिटांत विमला सावरून बसली, आणि बायका महाराजांच्या पाया पडायला धावल्या. देवळात भार आलेली, म्हणजे अंगात आलेली, माणसे इथल्या लोकांनी जन्मभर पाहिली आहेत. कापणारे अंग दिसले की हात आपोआप जुळतात.

घरी येईपर्यंत मास्तर मनातल्या मनात हिशेब जुळवत होता. साखर उतरली हे खरे. पण दोन वाट्या गूळ पोटात असताना ती उतरलीच कशी?

बाबली सोडून विमलाला आणि बाकी सगळ्यांनाच महाराजांनी सांगितले होते की तुझे विष जुने आहे, अजून एक आदितवार, म्हणजे रविवार, लागेल. तोवर सुई चालू ठेव, पुढल्या खेपेला पेन मडक्यात टाक. विमलाने घरी आल्या आल्या मीटर लाल फडक्यात बांधून देवाजवळ ठेवला. सांजेपासून तिला सारखी तहान लागत होती. तांब्यावर तांब्या रिचवत होती. मास्तर म्हणाला, मोजूया. ती म्हणाली, विष पाणी मागता, महाराजांनी सांगितलाहा.

"तू त्या माणसावर विश्वास ठेवतंस?" मास्तराने विचारले.

"त्या माणसावर कित्याक? तुमच्याच मीटरान दाखवल्यान मा? मगे आता तुमचो मीटर खोटो?" विमला म्हणाली. मग तिचा आवाज खाली आला. "बारा वर्सां झाली. चवथीक सगळ्यांका गोड नेवऱ्यो तळून घालतंय आणि आपण कोपऱ्यात पेज पितंय. जेवणाआधी पोटाक सुई. ह्या गावात जावक नको, त्या लग्नाक जावक नको. माका कंटाळो इलो हा, समाजला?"

बारा वर्षांत मास्तराने तिचे आकडे नेमाने विचारले होते. कंटाळा आला का, हे एकदाही विचारले नव्हते. आता ती पेन मडक्यात टाकणार होती, आणि सुई बंद झाली की तिचे काय होणार हे त्याला नीट माहीत होते. तो घाबरला.

आठवडा सरायच्या आत त्याच्या भीतीला पुरावा मिळाला. बाबली परबाने पेन पहिल्याच दिवशी मडक्यात टाकले होते. बुधवारी तो ओकायला लागला, श्वास धापा टाकत घेऊ लागला, आणि त्याच्या मुलाने त्याला गाडीत घालून म्हापशाला हॉस्पिटलात नेले. जगला, ही देवाची नव्हे तर सलाईनची आणि इन्शुलिनची कृपा. महाराजांकडे उत्तर तयार होते. बाबलीने म्हणे मध्येच पोदेराचा, म्हणजे दारावर येणाऱ्या पाववाल्याचा, पाव खाल्ला. पथ्य मोडले, लक्ष्मी उठून गेली. आश्चर्य म्हणजे लोकांना ते पटले. पाव कोण खात नाही? ज्याला त्याला आपलाच गुन्हा आठवला.

विमलालाही पटले. तिने पाव बंद केला.

मास्तराची पुतणी सेजल डॉक्टर. सरकारी दवाखान्यात नोकरीला, दिवसाला शंभर माणसे तपासून वैतागलेली, पण काकीवर जीव. मास्तराने तिला सगळी हकीकत सांगितली. साखर उतरल्याची, थरथरण्याची, तहानेची. सेजलने सगळे ऐकून घेतले. शेवटी फक्त एक प्रश्न विचारला.

"काका, तिसऱ्यांदा कधी मोजलास?"

"तिसऱ्यांदा?"

"खाण्याआधी एकदा, तासाभराने एकदा. मग?"

मग काय, मीटर लाल फडक्यात. मास्तर कपाळाला हात लावून बसला. शाळेत पोरांनी एका वाचनावर प्रयोग संपवला की तो त्यांची वही फेकून द्यायचा. आणि इथे भर मांडवात, शेकडो माणसांदेखत, त्याने स्वतः तेच केले होते. पाच तास थांबून मोज, सेजल म्हणाली, मग तुझा तुलाच कळेल. पण पाच तास थांबणार कोण? जेवण झाले की महाराज आशीर्वाद देऊन मांडव रिकामा करत. घरी गेलेला माणूस मीटरला हात लावत नसे. लक्ष्मीची भीती.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. सगुण मास्तर नास्तिक नव्हता. उलट गावच्या देवळात गाऱ्हाणे घालायचा मान त्याच्याच घराण्याचा. या भागात कुठलेही काम सुरू करायचे तर आधी देवाला गाऱ्हाणे घालतात. एकजण नारळ हातात घेऊन देवाला साकडे घालतो, आणि प्रत्येक वाक्यामागून जमलेले सगळे एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणतात. गाऱ्हाण्यात जे बोलले गेले ते मोडायची छाती इथे कुणाची नाही. मास्तर म्हणायचा, माझे देवाशी भांडण नाही, त्याच्या नावावर दुकान थाटणाऱ्यांशी आहे.

दुसऱ्या आदितवारी तो महाराजांकडे गेला आणि अगदी नम्रपणे म्हणाला की मागच्या खेपेला गाऱ्हाणे राहिलेच. गावचा देव रुसला तर बरे नव्हे. आज मीच घालतो. महाराज खूश झाले. शिकलेला माणूस शरण आला, असे त्यांना वाटले. त्यांनी स्वतःच्या हाताने माईक दिला.

मास्तराने नारळ घेतला, डोळे मिटले, आणि घराण्याचा तो खणखणीत आवाज लावला.

"बा देवा, बारा-पाचाच्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मांडव एका सुरात गरजला.

"आज ही तुझी लेकरां हय जमली हत. नारळाच्या रसातला मणगणां खातली हत."

"व्हय म्हाराजा!"

"हो चमत्कार तासाभराचो नको, आख्ख्या दिवसाचो होवंदे."

"व्हय म्हाराजा!" महाराजांचाही आवाज त्यात होता.

"म्हणान सांजेचे पाच वाजासर हयसून कोण उठाचो नाय. महाराजय उठाचे नाय. तवसर एकाचीय सुई मडक्यात पडाची नाय. आणि पाच वाजता सगळ्यांची साखर परत मोजली जातली."

"व्हय म्हाराजा!"

लोकांनी सवयीने म्हटले आणि मग एकमेकांकडे पाहिले. महाराजांचे तोंड उघडे राहिले होते. शिष्य त्यांच्या कानाशी लागला. महाराज म्हणाले की मला दुपारी बांद्याला एका भक्ताकडे जायचे आहे. पुढच्या रांगेतल्या यशोदाबाई, ज्यांनी गेल्या आदितवारी त्यांच्या पायावर सगळ्यांत आधी डोके ठेवले होते, त्याच म्हणाल्या, "गाऱ्हाणां झालां, महाराज. आता बसाक होया." महाराज बसले.

प्रसाद झाला. विमलाने सुई घेतली, मणगणे खाल्ले. सेजल दवाखान्याची पेटी घेऊन काकीच्या शेजारीच बसली होती. तासाभराने पुन्हा तोच घाम, तीच थरथर. सेजलने बोट टोचले. अठ्ठावन्न. तिने लगेच ग्लुकोज पाजले आणि काकीचा हात हातात धरून बसली. इकडे महाराजांना जोर चढला. "पाहिलंत? भार!" इतरांचेही आकडे शहाण्यासारखे खाली होते. शिष्याने ते माईकवर गाऊन दाखवले. टाळ्या पडल्या. मास्तर पुन्हा पुन्हा घड्याळ बघत होता. सेजल चुकली असेल तर?

दुपार लांबत गेली. बायकांनी फुगड्या घातल्या, पुरुषांनी खुर्च्यांवर डुलक्या काढल्या. महाराजांनी दोनदा लघवीचे निमित्त काढले आणि दोन्ही वेळा गावातले दोन ज्येष्ठ त्यांच्या सोबतीला गेले. चार वाजेपर्यंत माणसे पाण्याच्या पिंपाकडे रांग लावू लागली. एकजण म्हणाला, तोंड सुकतं रे. दुसरा म्हणाला, माझेपण. यशोदाबाईंचे डोके जड झाले होते. गंमत अशी की ही तहान आणि हे जड डोके प्रत्येकाने गेल्या आदितवारी आपापल्या घरी एकट्याने सोसले होते आणि ते आपलेच काही चुकले म्हणून लपवले होते. आज सगळे एकत्र होते, म्हणून दिसले.

पाच वाजले. सेजलने एकेकाचे बोट टोचायला सुरुवात केली आणि मास्तराने आकडे माईकवर सांगितले. त्याच्या आवाजात शिष्यासारखा दम नव्हता. यशोदाबाई, दोनशे शहात्तर. त्यांच्या मागचे गृहस्थ, तीनशे दहा. पुढचा, दोनशे चौसष्ट. शेवटी विमला. तासाभराने अठ्ठावन्न होती तीच विमला आता दोनशे ब्याण्णव.

"नारळ नासका असेल," महाराज म्हणाले.

"सगळे सात?" मागून कुणीतरी विचारले, आणि पहिल्यांदाच त्या मांडवात महाराजांवर लोक हसले.

मग मास्तराने सगळे उलगडून सांगितले. समजा शुक्रवारच्या बाजाराला म्हापशाला पाहुणा येणार आहे. त्याला आणायला मुलगा वेळेवर स्टँडवर गेला. पण पाहुण्याची बस वाटेत अडकली. मुलगा तासभर ताटकळला, दोन तास ताटकळला, कंटाळून घरी आला. आणि मग बस आली. पाहुणा सामान घेऊन स्टँडवर उभा, घ्यायला कुणीच नाही. इन्शुलिन म्हणजे तो मुलगा. गूळ म्हणजे पाहुणा. आणि बस अडवून धरणारी गोष्ट म्हणजे नारळाचा दाट रस आणि पुऱ्यांचे तेल. स्निग्ध पदार्थ खूप असले की पोट रिकामे व्हायला वेळ लागतो. गूळ तासाभरात रक्तात न येता सावकाश, तीन-चार-पाच तासांनी येत राहतो. सुई मात्र आपल्या वेळेला काम करून मोकळी होते. म्हणून आधी साखर उतरते, अंग कापते, आणि तो भार वाटतो. मग सांजेला चढते, तेव्हा मीटर लाल फडक्यात असतो. गूळ कुठे गेला नव्हता. तो फक्त उशिरा येणार होता, आणि महाराजांना ते ठाऊक होते. नाहीतर तिसऱ्यांदा मोजायला बंदी कशाला?

"आणि सगळ्यांत मोठी चलाखी ऐका," मास्तर म्हणाला. "तासाभराचो आकडो खाली ठेवल्यान कोणी? निरोपाच्या सुईन! काम केल्यान इन्शुलिनान, हार घातलात नारळाक, आणि मगे त्याच इन्शुलिनाक नदीत बुडवक निघालात. बाबली तेच्यापायी मराक टेकलो होतो, पावापायी नाय."

महाराजांनी व्यासपीठाच्या मागून काढता पाय घेतला. गाऱ्हाण्यातली मुदत संपली होती, त्यामुळे कुणी अडवले नाही. बागेच्या मालकाने त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले की उद्या सकाळी मांडव नको. सेजल तोवर प्रत्येकाला पाणी पाजत, कुणी आता काय करायचे ते समजावत फिरत होती. तिने माईकवर एवढेच सांगितले की भीतीने कुणी आपल्या मनाने जास्तीची सुई घेऊ नये. ज्यांना मळमळते आहे त्यांनी आत्ता तिच्याबरोबर दवाखान्यात चलावे, बाकीच्यांनी उद्या सकाळी यावे.

मास्तर विमलाकडे आला. त्याला वाटले होते, आता बायको खजील होईल आणि आपण मोठेपणाने तिला माफ करू. विमला खजील वगैरे काही नव्हती. ती संतापली होती, आणि महाराजांवर नव्हे.

"तो लबाड. तेचो धंदोच तो," ती म्हणाली. "पण तुमी मास्तर मा? एकदाच मोजून तुमी गप कशे बसलात? मी त्या अंगठीवाल्यावर विश्वास ठेवूक नाय. मी तुमच्यावर ठेवलंय."

सगळ्यांदेखत बोलली. मास्तराचे डोळे भरून आले आणि त्याने ते लपवले नाहीत. "चुकलंय गो," तो म्हणाला. "अर्धा मोजलंय. अर्धा मोजला म्हणजे फसवल्यासारखाच."

सेजलने काकीच्या खांद्यावर हात ठेवला. ती म्हणाली की गोड खायची इच्छा झाली तर मला आधी सांगायचे. असे जेवण असेल तर सुई कधी आणि कशी वाटून घ्यायची, किती खायचे, नंतर किती वेळा मोजायचे, हे आपण बसून ठरवू. ते ठरवता येते. विमलाने तिच्याकडे बघितले. "ठरवक येता? मगे ह्या बारा वर्सांत माका कोणी सांगूक कित्याक नाय?" सेजलच्या दारात रोज शंभर माणसे असतात आणि हे सांगायला दहा मिनिटे लागतात. ती दहा मिनिटे आपण देत नाही, आणि मग महाराज आख्खा दिवस देतात.

विमलाने पेन आपल्या पिशवीत घातले आणि सेजलबरोबर गाडीत जाऊन बसली. तिच्या मागोमाग इतरही निघाले. त्या दिवशी मडके रिकामेच राहिले.

वाचकहो, चमत्कार दाखवणाऱ्याशी वाद घालू नका, त्यात तो तुमच्यापेक्षा तरबेज असतो. त्याला फक्त म्हणा, महाराज, अजून थोडा वेळ बसूया, आणि परत एकदा मोजूया. जे खरे आहे त्याला थांबायची भीती नसते. लबाडीला मात्र नेहमी पुढची बस गाठायची असते. सुई चालू असेल तर ती कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. जड जेवण झाले तर तासाभराच्या आकड्यावर खूश होऊन झोपू नका, उशिरानेही मोजा. आणि घरात कुणी बारा वर्षे सुई घेत असेल, तर आकड्याबरोबर त्या माणसालाही विचारा की तुला कसे वाटते. ते विचारणारा घरात असला, तर माणसे काजूच्या बागेत जात नाहीत.